मुंजाजी शिंप्याची पोथी

घाटनांदूरच्या मुंजाजी शिंप्यानं पुस्तक लिहिलं असं सांगितलं की शिकलेली माणसं आधी हसतात. मग विचारतात, "कशावर? बंडी बेतण्यावर?" त्यांना मी एकदाच सांगतो. वेठीवर. तहसीलदाराचा दौरा आला की गावानं गाड्या फुकट जुंपायच्या, तंबू फुकट वाहायचे, सरपण, चारा, कोंबड्या फुकट पोचवायच्या, त्यावर. तुम्ही शिकलात, पण तुम्हाला ते लिहावंसं वाटलं नाही, म्हणून शिंप्याला लिहावं लागलं. अजून हसू येत असेल तर हसून घ्या.

मुंजाजी शाळेत गेला नव्हता. बाळबोध अक्षरं तो पोथ्यांवरून शिकला. उर्दू शिकला मोमिनाबादच्या तालुका कचेरीबाहेर, अर्ज लिहिणाऱ्या मुन्शींच्या शेरवान्या दुरुस्त करता करता. तिथंच त्याला कळलं की मजुरी दिल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर ओझं देऊ नये, असा खुद्द सरकारचाच हुकूम आहे. हुकूम उर्दूत, कचेरीच्या भिंतीवर. गाव मराठीत, वेठीवर. त्याचं डोकं फिरलं ते त्या भिंतीपाशी.

निजामाच्या राज्यात असलं छापायला कोण धजणार? त्यानं बार्शीला, इंग्रजांच्या हद्दीत, छापून घेतलं. छापलेले सुटे कागद कापडाच्या गठ्ठ्यात रद्दी म्हणून घातले, नाका ओलांडला आणि घरी बसून दाभणानं पुस्तकं शिवली. त्याची बायको भिवराबाई चुलीपुढून बघत होती.

"आवो, लोकांचे कपडे सोडून ह्ये कावून शिवालाव?"

"कपडे दोन सालात फाटत्यात. ह्ये फाटणार न्हाई."

"फाटंल कसं? कुणी उघडलं तर फाटंल!"

पुस्तक लिहून भागत नाही, ते लोकांपुढं न्यावं लागतं. आणि चार माणसं जमवून काही वाचायचं तर परवाना लागायचा. मुंजाजी तालुक्याला पोलिसांच्या अमीनसाहेबापुढं उभा राहिला. साहेबानं पुस्तक उलटंच धरलं.

"दर्जी हो ना?"

"जी सरकार."

"तो कपडे सिओ. जाओ."

मुंजाजी परतला, पण गप्प बसला नाही. पोथीला परवाना लागत नव्हता. त्यानं पुस्तकाला लाल फडकं गुंडाळलं, मारुतीच्या पारावर चौरंग मांडला, समई लावली आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं, "अध्याय पहिला." गाव लोटलं. बायाबापड्यांनी वाती आणल्या. गाडीच्या भाड्याचं वाचलं तेव्हा माना डोलल्या, ओझ्याच्या मजुरीचं वाचलं तेव्हा कुणीतरी "रामकृष्ण हरी" म्हणालं. सात-आठ प्रती सोडल्या तर सगळी पुस्तकं त्या आठवड्यात खपली. मुंजाजी गावातून ताठ मानेनं फिरू लागला.

मग दौरा आला. आणि ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं होतं, त्यांनी पहाटे उठून मुकाट गाड्या जुंपल्या. एकानंही भाडं मागितलं नाही.

मुंजाजी तडक उत्तरेश्वराच्या घरी गेला. उत्तरेश्वर म्हणजे गावातला बऱ्यापैकी शेतकरी, दोन बैलजोड्या बाळगून, वाचता येणारा.

"उत्तरेश्वरा, पुस्तक वाचलंस का?"

"आत्ताच? श्रावण कुठं आलाय?"

"श्रावणाचं काय काढलंस मधीच?"

"पोथी श्रावणात लावत्यात की. देवघरात ठिवलीय. आमची सुंदरबाई रोज हळदकुकू वाहती."

मुंजाजीनं वाकून पाहिलं. लाल फडक्यात त्याचं पुस्तक, वर झेंडूचं फूल. फडकं सोडलं तर पानं जुळलेलीच. घडीच्या कडा चाकूनं कापून उघडाव्या लागत, त्या कापल्याच नव्हत्या.

"आरं, ह्यात तुझ्याच बैलांचं लिवलंय! भाडं माग म्हनून लिवलंय!"

"आसंल. घरात ठिवल्याचं पुण्य तर लागतंय ना?"

"पुण्य? तुझी बैलं दौऱ्याच्या तळावर उपाशी हुबी व्हती. त्यास्नी घाल की तुझं पुण्य, वैरणीबदली!"

उत्तरेश्वर हसला. लई राग येतो मला त्या हसण्याचा. मारलेलं परवडलं, पण आपण काय बोलतोय हे कळूनही माणूस गोड हसतो ना, तिथं हात शिवशिवतात.

तिथून तो धुळाजीकडं गेला. धुळाजी चांभार. दौऱ्याचं निम्मं ओझं त्याच्याच वस्तीच्या डोक्यावर जायचं. त्या वस्तीतून एकानंही पुस्तक नेलं नव्हतं.

"तुमी कावून न्हाई घेतलं?"

धुळाजीनं वहाणेचा टाका ओढला. "शिंपीदादा, पोथी हाय ती. आमी शिवलो तर बाटली म्हनाल. ऐकाया आलतो, पाराच्या खालतून. तुमी चालीवर लावलंत, आमाला चालच ऐकू आली. आत काय व्हतं?"

परवाना चुकवायला मुंजाजीनं पुस्तकाची पोथी केली होती, आणि गावानं पोथीचं जे करतात तेच केलं होतं. वाचता येणाऱ्यानं देव्हाऱ्यात कोंडलं, आणि ज्याची मान मोडत होती त्याला शिवायची बंदी. गावाला शिव्या द्याव्यात तर लाल फडकं स्वतःच्याच हातानं गुंडाळलेलं.

पुढच्या बाजाराला त्यानं शिवणयंत्र धुळाजीच्या दुकानाशेजारी मांडलं. दुकान कसलं, लिंबाखाली पसरलेली दोन कातडी. उरलेली पुस्तकं त्यानं त्या कातड्यावर टाकली. फडकं नाही, फूल नाही. आणि ओरडला, "ह्ये मी लिवलंय! मुंजाजी शिंप्यानं! देवानं न्हाई! हात लावा, थुकी लावून पानं उलटा, तंबाखूच्या बोटांनी धरा! आंघुळ नको, श्रावण नको!"

बाजार थबकला. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. आणि थोड्या वेळानं आला उत्तरेश्वर, धोतराच्या सोग्यात पुस्तक चिमटीनं धरून.

"चांभाराच्या कातड्यावर पोथी? बाटवलीस तू. घे तुझी तुला." त्यानं लांबूनच ते टाकलं.

मुंजाजीनं पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि शेजारी बसलेल्या धुळाजीला दिलं. "धुळाजी, ठीव. फुकट आलंय."

मग रांगच लागली. एकेक जण सोवळं सांभाळत लांब धरून पुस्तक आणायचा, टाकायचा, नाक मुरडायचा. मुंजाजी एकेक धुळाजीकडं सरकवायचा. "या, या! आजून कुनाच्या घरात इटाळ हाय? आणून टाका!" संध्याकाळी घाटनांदूरच्या देव्हाऱ्यांतली जवळपास सगळी पुस्तकं चांभारवाड्यात पोचली होती. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तो तिथं बसायचा. कडा कापायचा, वाचायचा, आणि चाल नाही, साध्या बोलीत.

मोहनराव पाटलाला हे खपणार नव्हतं. एका संध्याकाळी तो चांभारवाड्यात आला, घोड्यावरून उतरलाही नाही.

"मुंजाजी, बे, पोथी व्हती तवर मी डोळे झाकले. आता ह्यो जलसा झाला, सभा झाली. परवाना दाव."

"पाटील, फुकट गाड्या जुंपायचा परवाना तुमी आदी दावा."

"मशीन जाईल तुझी."

"सुई ऱ्हाईल."

हिवाळ्यात पुन्हा दौरा आला. आमराईतला तंबू हलवायचा होता. येसकरानं हाळी दिली, माणसं जमली. एका बाजूला गाडीवाले, जुंपून तयार. दुसऱ्या बाजूला धुळाजीची वस्ती. तंबूच्या गठड्या मधे पडलेल्या. तहसीलदाराच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, गठड्यांकडं बोट केलं. कुणी वाकलं नाही.

"आदी मजुरी, मंग वझं," धुळाजी म्हणाला.

"किसने सिखाया?"

"सरकारनंच. तुमच्या भिंतीवर लिवलंय, सायेब. न्हाई म्हना."

पेशकाराला न्हाई म्हणता येईना. त्यानं पाटलाकडं पाहिलं, पाटलानं गाडीवाल्यांकडं. त्या घडीला गाडीवाल्यांनी नुसतं जू खाली टाकलं असतं तर तालुकाभर वेठ हलली असती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. मुंजाजी त्यांच्याचकडं बघत होता. आणि उत्तरेश्वर गाडीवरून उतरला.

मुंजाजीला वाटलं, आला. माणूस आला एकदाचा.

उत्तरेश्वर चालत गेला, गठडी उचलली आणि आपल्याच गाडीत टाकली. "कशाला तमाशा, सरकार? आमी नेतो." मग दुसरा उतरला, मग तिसरा. चांभारांचं ओझं गाडीवाल्या कुणब्यांनी वाहिलं, तेही फुकट, पण चांभारांच्या रांगेत उभं राहून मजुरी मागितली नाही! असली अब्रू कुठल्या बाजारात विकत मिळते, मला दाखवा.

मुंजाजीनं तोंड सोडलं. उत्तरेश्वराच्या बापापासून बैलांपर्यंत कुणालाही वगळलं नाही. शिपायांनी त्याला तिथंच बांधलं. मशीन जप्त झाली, ती परत आली नाही. तीन महिन्यांनी कैदेतून सुटून आला तेव्हा एक दात कमी होता. भिवराबाईनं त्याच्यापुढं सुई-दोरा ठेवला.

तो कैदेत असताना झालेल्या दौऱ्याची खबर त्याला धुळाजीनं दिली. येसकर हाळी द्यायला चांभारवाड्याकडं फिरकलाच नाही. तो सरळ उत्तरेश्वराच्या दारात गेला आणि म्हणाला, "मालक, सायबांनी सांगिटलंय, ह्या खेपंला दोन गाड्या जास्तीच्या."