एकोणीस नंबरची जर्सी

२७ डिसेंबर २०१३, शुक्रवार. सकाळी उणे अठ्ठावीस. कोबीचे रोल केले, चाळीस. रीस साडेनऊला सरावाला गेला. ओरेस्ट दहाला आला, साडेबाराला गेला. कॉफी चार कप. एकोणीस नंबरच्या जर्सीवरचं नाव उसवलं.

ओरेस्ट कोस्टिन्यूक माझा धाकटा दीर. अडतीस वर्षं त्याने आमच्या गावच्या धान्य कोठारावर वजनकाटा सांभाळला. गव्हाचा ट्रक काट्यावर आला की आकडा लिहायचा आणि मग ट्रकवाल्याला म्हणायचा, "जरा मागे घे, परत एकदा बघू." शेतकरी शिव्या घालायचे, पण त्याच्या काट्यावर वाद कधी झाला नाही. कोठारावर हा गुण ठरला. घरी डार्काला मागणी घालायला त्याने सहा वर्षं लावली. शेवटी तिनेच फादरकडे जाऊन तारीख ठरवली आणि याला निरोप पाठवला. निवृत्त झाल्यावर गावाने त्याला बायसन्सचा मॅनेजर केलं. का केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

बायसन्स हा आमचा बर्फावरच्या हॉकीचा ज्युनियर संघ. मालक सगळं गावच. पोरं सोळा ते वीस वर्षांची, बाहेरगावाहून येतात आणि हिवाळाभर गावातल्या घरांत राहतात. माझा नवरा वासिल गेल्यापासून तळघरातली खोली मी त्यांना देते. त्या वर्षी माझ्याकडे रीस डॅलगार्ड होता. वीस वर्षांचा, संघाचा सेंटर, म्हणजे मधल्या फळीतून गोल करणारा. तो बर्फावर उतरला की गुडघे धरून बसलेले म्हातारेही उठून उभे राहायचे. बाकी संघ मात्र ओळीने नऊ सामने हरलेला.

"संघ पायापासून नवा बांधायचाय, वहिनी," ओरेस्ट म्हणाला. त्या दिवशी तो निळी जर्सी कागदी पिशवीत घालून आला होता. "उत्तरेकडच्या संघाला यंदा कप हवाय. त्यांना रीस द्यायचा. बदल्यात सतरा-सतरा वर्षांचे दोन बचावपटू मिळतात, शिवाय उन्हाळ्यात नवी पोरं निवडताना त्यांचा पहिला नंबर आपल्याला."

"मग दे."

"देऊ?"

"मला काय विचारतोस? मॅनेजर तू आहेस."

"दहा जानेवारीला दुपारी दोनपर्यंत वेळ आहे. नंतर अदलाबदल बंद. तू नाव तेवढं उसवून ठेव. ऐन वेळी घाई नको."

आमच्या संघाकडे निळ्या जर्स्या मोजून बावीस. खेळाडू गेला की त्याची जर्सी दुसऱ्याला, म्हणून पाठीवरच्या नावाच्या पट्ट्या मी हाताने शिवते आणि हातानेच उसवते. मी उसवलं. पट्टी बटणांच्या डब्यात ठेवली.

तीस तारखेला तो परत आला. "शिव परत. उद्या घरचा सामना आहे, आणि अजून काही ठरलं नाही."

"काय ठरलं नाही?"

"त्यांच्याकडे एक राखीव गोलरक्षक आहे. तोही मागून बघावा म्हणतो."

मी शिवलं. चार जानेवारीला पुन्हा उसवलं, कारण तो म्हणाला जवळजवळ ठरलंच. मधल्या दिवसांत त्याने गावात कुणाला विचारायचं बाकी ठेवलं नव्हतं. कॅफेतल्या सकाळच्या टेबलाला विचारलं, तिथे सहा जणांनी सात मतं दिली. न्हाव्याला विचारलं. बर्फ गुळगुळीत करण्याचं यंत्र चालवणाऱ्या डेनिसला विचारलं. फादरना तर त्याने कबुलीजबाबाच्या खोक्यात जाऊन विचारलं, हे मला स्वतः फादरनीच सांगितलं. पाप एकही सांगितलं नाही, बचावपटूंची उंची तेवढी सांगितली.

"आणि रीसला?" मी विचारलं.

"त्याला कशाला? पोराचं मन उगाच खेळातून उडेल."

"पोरगं वीस वर्षांचं आहे, ओरेस्ट. मार्चनंतर त्याचं ज्युनियरचं वय संपतंय. कॉलेजांची माणसं खेळाडू हेरायला जिंकणाऱ्यांच्या सामन्यांना जातात, आपल्याकडे नाही. त्याच्याकडे हे दोनच महिने आहेत."

"म्हणूनच तर नीट विचार करतोय!"

सहा जानेवारीला, जुन्या पंचांगाप्रमाणे, आमच्या नाताळची पवित्र संध्याकाळ. टेबलाखाली गवत, टेबलावर बिनमांसाचे बारा पदार्थ, गेलेल्यांसाठी एक रिकामी खुर्ची. ओरेस्ट आणि डार्का आले. रीस ल्युथेरन घरातला, त्यांचा नाताळ डिसेंबरातच होऊन गेलेला, पण मधात शिजवलेला गहू त्याने दोनदा मागून घेतला. ओरेस्ट त्याच्या समोर बसून त्याच्याकडे असा बघत होता, जसं विकायला काढलेल्या घोड्याकडे बघावं.

"जेवणाकडे बघ," डार्का म्हणाली.

"जेवतोयच."

"बीटच्या सुपात काटा घालून?"

रीस हसला. ओरेस्टने काटा खाली ठेवला, घसा खाकरला. मला वाटलं, आता बोलतो. आमच्याकडे रीतच आहे: ज्याला पाठवायचं, त्याला मॅनेजरने तो राहतो त्या घरी येऊन, त्याचं जेवण झाल्यावर, तोंडाने सांगायचं. ओरेस्टने विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, काका."

निघताना दारात बूट चढवताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "परवाच्या सामन्यासाठी शिवून ठेव."

मी त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि शिवलं.

नऊ तारखेला संध्याकाळी जर्सी पुन्हा माझ्या घरी. "आता नक्की. फक्त गोलरक्षकाचं उत्तर यायचंय." दहाला दुपारी साडेबारा वाजता मी चष्मा लावून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आणि तिसऱ्यांदा टाके काढायला घेतले. ओरेस्टचा फोन नव्हता. अर्धी पट्टी सुटली होती, तेवढ्यात मागचं दार उघडलं. रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, बॉयलर बंद पडल्यामुळे सराव लवकर सुटला होता. टेबलावर जर्सी पसरलेली, माझ्या हातात ब्लेड. लपवायला जागा नव्हती.

रीसने टोपी काढली. जवळ येऊन कापडावर बोट फिरवलं.

"भोकं मोठी झालीत, आजी. आता टाका धरणार नाही."

"रीस, बाळा..."

"मला माहितीये. एकतीस तारखेच्या सामन्याआधी जर्सी घातली तेव्हाच दिसलं. दोरा नवा होता. जुना फिकट झाला होता."

"दहा दिवस? मग बोलला का नाहीस?"

"ओरेस्टकाका विचारतील, म्हणून थांबलो. त्यांनी विचारायचं असतं ना." तो खुर्चीवर बसला. "सूप आहे?"

सूप वाढलं आणि फोन उचलला. "ओरेस्ट, आत्ता ये. बूट घालायलासुद्धा थांबू नकोस."

तो एक वाजून पाच मिनिटांनी आला. बूट घालून. जर्सी पाहिली, रीसला पाहिलं आणि दारातच उभा राहिला. चपला चोरताना सापडलेल्या माणसासारखा.

"बस," मी म्हणाले. "त्याचं जेवण झालंय. विचार."

"म्हणजे कसंय रीस... सगळ्या बाजू तोलाव्या लागतात. इथे लोकांना तू हवा आहेस. तिकडे दोन बचावपटू. गोलरक्षकाचं अजून..."

"ओरेस्ट!"

त्याने हात टेबलावर ठेवले. "तुला जायचंय का, पोरा?"

"जायचंय," रीस म्हणाला. जराही न थांबता. मग मान खाली घालून म्हणाला, "इथलं वाईट आहे म्हणून नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं, तरी हेच सांगितलं असतं."

ओरेस्टने गावभर विचारलं होतं, पण यालाच विचारलं नव्हतं. विचारलं की काट्यावर परत चढवायला काही उरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, असं मला त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं. एक पंचवीसला त्याने माझ्या भिंतीवरच्या फोनवरून उत्तरेला फोन लावला.

पलीकडचा मॅनेजर मोठ्याने बोलणारा. आम्हाला सगळं ऐकू आलं. दोन आठवडे वाट पाहिली, तो म्हणाला, पण आज सकाळी त्या दोन बचावपटूंना देऊन आम्ही दुसरा खेळाडू घेतला. सेंटर अजूनही हवाय. पण आता देण्यासारखा फक्त गोलरक्षक आहे. निवडीचा नंबरही पहिला नाही, तिसरा.

ओरेस्टने फोन छातीशी धरला. "वहिनी..."

"माझ्याकडे बघू नकोस."

"निदान दहा मिनिटं विचार..."

"दोन आठवडे काय करत होतास? लोणचं घालत होतास?"

रीस उठला, सुपाचा वाडगा धुतला, ओट्यावर पालथा घातला. मग फडक्याला हात पुसत नुसता उभा राहिला. ओरेस्टने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. "चालेल," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "हो, ऐकलंत ते बरोबर. चालेल." एक बावन्न.

फोन ठेवून तो खाली बसला. "गाव मला फाडून खाईल."

"खाऊ दे."

"सत्तावीस तारखेलाच विचारलं असतं तर..."

"दोन बचावपटू मिळाले असते आणि माझा दोरा वाचला असता."

रीसचं सामान तासाभरात त्याच्या ट्रकमध्ये चढलं. बॅग त्याने नववर्षापासूनच भरून ठेवली होती. निघताना मी उरलेले टाके काढले आणि नावाची पट्टी त्याच्या हातात दिली.

"वहिनी," ओरेस्ट मागून म्हणाला, "ती पट्टी उलट करून परत वापरता येते ना?"

मी वळून पाहिलं. बस, नुसतं पाहिलं. त्याने घाईने टोपी घातली आणि रीसच्या हॉकीच्या काठ्या उचलून ट्रकमध्ये नेऊन ठेवल्या. मग दोघं तिथेच थंडीत बराच वेळ उभे होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ओरेस्टने शेवटी ट्रकचं दार लावलं, परत उघडलं आणि परत लावलं.

त्या संध्याकाळची माझ्या वहीतली नोंद: उणे एकतीस. रीस सव्वातीनला गेला. तळघरातल्या चादरी धुतल्या. गोलरक्षक रविवारी इथे राहायला येतोय. त्याला दूध चालत नाही, असं त्याच्या आईने फोनवर सांगितलं. चार लिटरचा कॅन बंद. एक लिटर पुरेल.