नवाबची जीप आणि ओळखीचं पाणी

नवाब गाडी मागे घेत नसे. वारंगा फाट्यावर त्याची काळीपिवळी जीप चारी बाजूंनी ट्रकांनी कोंडली, तरी हा हॉर्नवर तळहात ठेवून समोरचा हटेपर्यंत बसून राहायचा. "आपण पीछे हटत न्हाई," असं वर ऐकवायचा. खरी गोष्ट अशी, की त्या जीपचा रिव्हर्स गियर विनवण्या केल्याशिवाय पडतच नसे, आणि दुरुस्तीपेक्षा ऐट परवडते. त्या ऐटीमुळेच तो नवाब झाला. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोला आणि आरटीओलाच ठाऊक असावं.

दुसरी खोड सीट भरण्याची. आत मुंगीला जागा नसली तरी हा बाहेर उभा राहून "एक बसतं, एक बसतं" म्हणून ओरडायचा. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "काका, श्वास जरा बारीक घ्या, पाहुणा येऊन राहिला." काका घ्यायचेही. शिव्या देणारी माणसं दुसऱ्या दिवशी त्याच्याच जीपची वाट पाहत उभी असत, कारण अडलेली बाई किंवा परीक्षेला उशीर झालेलं पोरगं दिसलं, की नवाब सीट भरायला न थांबता थेट कळमनुरी गाठायचा.

एका शनिवारी दुपारी माझ्या झेरॉक्सच्या दुकानापुढे आमचा चहा चालला होता. आमच्यातला तिसरा मिलिंद, सरकारी दवाखान्यात ब्रदर. त्याने मोबाइलवर कुणाचा तरी समुद्रावरचा फोटो दाखवला. नवाबचं सगळं लहानपण सिद्धेश्वर धरणाच्या काठी गेलेलं. त्याने फोटोकडे असं पाहिलं, जणू कोणी त्याला डबकं दाखवलं.

"हे तर आमचं सिद्धेश्वरच की. जरासं मोठं."

"तू पाह्यला का कधी समुद्र?" मिलिंदने विचारलं.

"न्हाई. पण पाणी आपल्या ओळखीचं हाये. बसा गाडीत."

आणि आम्ही खरंच बसलो. मी शटर ओढलं, तिघांत मिळून एक टॉवेल घेतला आणि घरी फोन केला, "मुरूडला जाऊन येतो." घरच्यांना लातूरकडचं मुरूड वाटलं. कोकणातही एक मुरूड आहे, हे सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

रिकामी जीप चालवणं नवाबला जमेना. फाटा दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. नगरच्या अलीकडे एका फाट्यावर तर त्याने सवयीने "चला हिंगोली, हिंगोली!" अशी आरोळीही ठोकली. एक आजोबा पिशवी घेऊन चढले. गाडी उलट्या दिशेने चालली आहे हे त्यांना कळलं, तेव्हा नवाबने हात जोडून त्यांना उतरवलं आणि वर बजावलं, "बाबा, विचारून बसत जावा."

रविवारी सकाळी समुद्र दिसला. नवाबने स्टिअरिंगवर वाकून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. बाकीच्यांच्या गाड्या वर झाडांखाली उभ्या होत्या. याने आपली जीप ओल्या, घट्ट वाळूवरून थेट पाण्याजवळ नेली आणि तोंड समुद्राकडे करून लावली. सरबत विकणाऱ्या बाईंनी हाक मारली, "अहो, भरती येईल, गाडी वर घ्या!"

"ताई, आमी धरणावरची माणसं," नवाब हसून म्हणाला. "पाणी चढायला ऑगस्ट उजाडावा लागतो."

आम्हालाही ते पटलं. आमच्याकडे पाणी उन्हाळाभर उतरतं आणि पावसाळ्यात सावकाश चढतं. सकाळी काठावर ठेवलेले कपडे संध्याकाळी काठावरच सापडतात. आम्ही निर्धास्त डुंबत राहिलो. मागे वळून पाहिलं, तर जीपची पुढची चाकं पाण्यात होती.

नवाब धावत सुटला. गाडी सुरू झाली, पण पुढे समुद्र. त्याने रिव्हर्सच्या विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, शेवटी अल्लाचं नाव घेतलं. गियर पडला आणि चाकं वाळूत आणखी रुतली. त्या जीपवर त्याची अम्मी, बायको, दोन लेकरं जगत होती. आम्ही तिला ढकलत होतो आणि हा बॉनेटला पाठ लावून लाटांना सांगत होता, "भाऊ, थांब ना जरा! ऐक ना!" मला हसू येत होतं, तरी ढकलायचं सोडवत नव्हतं.

होड्या ओढायचा दोर आणि ट्रॅक्टर घेऊन कोळी आले. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "तू नुसतं स्टिअरिंग धर. बाकी आम्ही बघतो." अशी ती जीप, आत ताठ बसलेल्या नवाबासकट, सगळ्या किनाऱ्यादेखत मागे मागे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवाबने सलाम केला.

जीप घरापर्यंत आली, पण खारं पाणी तिच्या हाडात शिरलं होतं. पुढच्या पावसाळ्यात तळाला भोकं पडली. "पाय वर घ्या, खाली रोड हाये," असं तो सीटांना सांगायचा. हसत हसत लोक दुसऱ्या गाडीत बसू लागले. शेवटी भंगारवाला आला, आणि नवाबने पुण्यात कंपनीच्या बसवर नोकरी धरली.

निघायच्या दिवशी मिलिंदने भीत भीत विचारलं, "समुद्रावर नसतो गेलो, तर राह्यली असती नं रे गाडी?"

"लोखंडाला गंज लागतोच," नवाब म्हणाला. "इथं उभं राहून बी लागला असता. हिला समुद्राचा लागला. तू कायले तोंड पाडून राहिला?"

एसटीत शिरायला जागा नव्हती. तो दारातल्या माणसाला कोपराने सरकवत आत गेला आणि खिडकीतून हात काढून आम्हाला पुण्याला यायचं आवतण देत राहिला. आम्ही हो हो म्हणत होतो. गाडी वळल्यावर मिलिंद एकदम रडायला लागला. मी त्याला द्यायला रुमाल काढला, तर तो आधी मलाच लागला.