प्रश्न बसून, उत्तर उभे राहून

हरिपंत खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. भांडण मी काढले होते.

वकिलीची सनद मिळून मी ठाण्यास नुकतेच बिऱ्हाड केले होते. कल्याणास बंदरावर, तांदळाच्या एका वखारीच्या माडीवर, दर महिन्याला पार्लमेंटचा खेळ चालतो, असे एका पक्षकाराने सांगितले. एक शाळामास्तर विलायतेचे परराष्ट्रमंत्री होतात आणि जमलेली मंडळी त्यांना जगाच्या राजकारणावर व व्यापारावर प्रश्न विचारतात. मला हसू आले. मास्तरांची फजिती पाहावी, जमल्यास आपणच करावी, म्हणून मी गेलो.

माडीवर कोंड्याचा वास होता. जुनी सतरंजी अंथरली होती. तिच्या टोकाशी एक ठेंगणे गृहस्थ उभे होते, तेच हरिपंत. डोक्यावर पागोटे, खांद्यावर उपरणे, हातात काही नाही. सभेचे नियम दोनच होते. प्रश्न बसून विचारायचा आणि उत्तर उभे राहून द्यायचे. प्रश्न आधी कळवायचा नाही.

रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध तेव्हा नुकतेच संपले होते. तुर्कस्तानची पाठराखण केल्याबद्दल विलायत सरकारने सायप्रस बेट ताब्यात घेतले, ते कोणत्या न्यायाने, असे मी विचारले. पंतांनी सरकारची बाजू नीट मांडली. मग मी खोचक होऊन त्या बेटाचा वसूल विचारला.

"माहीत नाही," पंत म्हणाले. "पुढच्या बैठकीत सांगतो."

"मंत्र्यांनाच माहीत नाही!" मी मोठ्याने हसलो.

"माहीत नाही, हे उत्तर आहे, वकीलसाहेब. दडपून काही सांगितले असते तर ते उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यास येणार ना?"

"येईन."

"मग झाले. मी उभाच आहे."

पुढच्या महिन्यास त्यांनी वसूल सांगितला आणि सभा संपल्यावर मला घरी नेले. त्यांच्या पत्नी जानकीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "सायप्रस मिटले का? मिटले असेल तर पाने घेते. महिनाभर ते बेट आमच्या घरात आहे."

"मिटले. पण वकीलसाहेबांची खात्री पटलेली नाही."

"मग त्यांना आधी वाढते. उपाशी वकील कोणाला सोडत नाही."

त्या पानावर मी जो बसलो, तो पंतांचा झालो.

पंत शाळेत भूगोल शिकवीत. त्यांचा भूगोल बाजारातून सुरू होई. मुलांना ते पेठेत नेत आणि एकेका वस्तूपुढे उभे करीत. हे कापड कोठून आले, कोणत्या वाटेने आले, येथला कापूस तेथे गेला तेव्हा त्याचे काय झाले, हे मुलांनी दुकानदारालाच विचारायचे. दुकानदार वैतागत. एकाने शाळेत येऊन तक्रार केली, की पोरे माझ्या मलमलीची जात विचारतात. पंतांनी त्यांना बसायला सांगितले, मुलांपुढे उभे केले नाही, आणि मलमलीची माहिती त्यांच्याकडूनच घेतली. ते गृहस्थ पुढे सभेस नियमाने येऊ लागले.

मंत्री म्हणून पंत सरकारची बाजू मनापासून मांडीत. सुवेझचा कालवा असो, विलायती कापडावरची जकात उठवणे असो, चांदीचा भाव असो, सरकारच्या बाजूने जे सर्वांत चांगले बोलता येईल ते शोधून ते आणीत. यावरून त्यांना सरकारचा भाट म्हणणारे पुष्कळ होते. मीही एकदा म्हटले. ते रागावले नाहीत.

"मी लंगडे उत्तर दिले तर तुम्ही मला हसाल," ते म्हणाले. "सरकार सुटून जाईल. म्हणून त्याचे उत्तम उत्तर मी द्यायचे. ते उत्तमही लंगडे निघाले, तर मग दोष मांडणाऱ्याचा राहत नाही."

मला विषमज्वर झाला तेव्हा पंत दर रविवारी ठाण्यास येत, उशाशी बसून वर्तमानपत्र वाचीत आणि शेवटी एक प्रश्न विचारीत. मी उठू लागलो की दाबून निजवीत. "आज निजून उत्तर चालेल. ही सवलत एकदाच आहे." मी बरा झालो तो बहुधा त्या प्रश्नांच्या चिडीने.

येथे मला थांबण्याची सूचना आहे. हा गौरवग्रंथ सिद्ध करणाऱ्या समितीने कळवले आहे, की लेख पंतांच्या शैक्षणिक सेवेपुरता असावा आणि मिठाचा विषय शक्यतो नसावा, कारण ग्रंथ साहेबलोकांच्या हाती जाईल. जाऊ दे. मिठाचा विषय वगळून पंतांवर लिहायचे म्हणजे त्यांची साठी साजरी करून त्यांनाच बोलावायचे नाही. लेख छापायचा नसेल तर समितीने माझ्या नावाखाली कोरे पान सोडावे. कोरे पान पाहूनही वाचक प्रश्न विचारतील.

बाळू भोईर हे दिवा गावाकडच्या खाडीकाठचे आगरी. त्यांचे वडिलोपार्जित मिठागर होते. कानात सोन्याची बाळी, आवाज असा की या काठावर केलेली थट्टा त्या काठावर कळावी. बंदरात त्यांचा मचवा लागला की ते माडीच्या जिन्यावर येऊन बसत आणि मधूनच शेरे मारीत. पुढे एका वर्षी सरकारने लहान मिठागरे बंद केली, त्यांत भोईरांचेही गेले. पुढच्या बैठकीस ते जिना सोडून सतरंजीवर आले.

"मंत्रीसाहेब, येक इचारू?"

"विचारा. बसा आधी."

"बसलोच हाय. आगर बंद झाल्यापासून बसलोच हाय."

माडी हसली. भोईर हसले नाहीत.

"मागल्या बारीला तुमीच सांगितलंव, इलायतेचं मीठ गलबतात घालून कलकत्त्यास येतंय. येतंय ना?"

"येते."

"त्याला वाटेत कोन आडवतंय?"

"कर भरला की कोणी नाही."

"कर मी बी भरतो. मंग सात समुंदर वलांडून आलेलं मीठ चालतंय आन माजे दारातलं चालत नाय, ह्यो करार कोनी कोनासंगट केला?"

पंतांनी उपरणे सावरले. लहान मिठागरे विखुरलेली असतात, चोरटे मीठ बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकावर पहारा ठेवावा लागतो, तो खर्च सरकारला परवडत नाही, असे त्यांनी सांगितले.

"म्हंजे पाहऱ्याचा खरच नको म्हून घरच पाडलं. बरा केला."

पंतांनी दुसरे उत्तर दिले. व्यापार खुला आहे. जो स्वस्त विकील त्याचा माल खपेल.

"मंग मना इकू द्या की स्वस्त! मना कोन आडवतंय? तुमीच ना?"

तिसरे उत्तर बंगालचे होते. तेथे मिठाची गरज मोठी आहे आणि ती तेथल्या मिठाने भागत नाही.

"बंगाल लांब ऱ्हायला, मंत्रीसाहेब. मी दिव्याचं इचारतोय."

खाली वखारीत गोणी पडल्याचा आवाज झाला.

"माहीत नाही, असे मी या जागेवरून पुष्कळदा म्हटले आहे," पंत म्हणाले. "आज तसे म्हणता येत नाही. मला सगळे माहीत आहे आणि तरी उत्तर नाही. सरकारजवळच नाही. उत्तर नसताना या जागी उभे राहणे योग्य नाही. मी मंत्रिपदाचा राजीनामा देतो."

आणि ते पुढे येऊन सतरंजीवर, भोईरांच्या शेजारी बसले.

भोईर घाबरले. "अवो गुरुजी, मी काय तुमची चाकरी खायाला आलोय का? उठा, उठा!"

"बसू द्या, भोईर. पाय दुखतात."

दुसऱ्या दिवशी गावभर झाले, की खांबेटे मास्तरांनी राजीनामा दिला. मुलांचे बाप शाळेत धावले. पंत फळ्यापाशी आफ्रिकेचा किनारा काढीत होते. काही मुलांचा फार विरस झाला, असे पंत स्वतः सांगतात. पण तीच बातमी सरकारी कचेरीत पोचेपर्यंत तिने वेगळे रूप घेतले होते. तेथे एक अंमलदार नवे आले होते. त्यांना कळले ते इतकेच, की या गावात एक मंत्री आहेत आणि त्यांनी मिठावरून राजीनामा दिला आहे. त्यांनी पंतांना बोलावले. मी वकील म्हणून बरोबर गेलो.

"तुम्ही मंत्री होता?"

"होतो."

"कोणत्या सरकारचे?"

"आपण ज्याचे नोकर आहात, त्याच."

"बाकीचे मंत्री कोठे आहेत?"

"विलायतेस असावेत. माझी त्यांची भेट नाही."

कारकून तोंडावर हात धरून बाहेर गेला. अंमलदारांना चूक कळली. गोष्ट तेथे संपायची. पण मनुष्य चुकून हसे करून घेतो तेव्हा फार कडक होतो. त्यांनी दोन अटी घातल्या. पुढे सभेचे सर्व प्रश्न आधी कचेरीत दाखवावेत. आणि पंतांनी पुन्हा मंत्री होऊन भोईरांना योग्य उत्तर द्यावे. ते उत्तर कचेरीतून मिळेल. हे मान्य नसेल, तर शाळा सरकारी मदतीवर चालते हे मास्तरांनी लक्षात घ्यावे.

पंत खुर्चीवरून उठले.

"बसा, बसा," अंमलदार म्हणाले.

"नको. उत्तर द्यायचे आहे."

मी त्यांचे उपरणे हळूच ओढले. "पंत, सबुरीने. जागा जाईल."

"वकीलसाहेब, आज तुम्ही कोणाचे वकील?"

"तुमचा."

"मग ओढू नका. फाटेल." ते अंमलदारांकडे वळले. "आधी दाखवलेला प्रश्न हा प्रश्न राहत नाही, पाठांतर होते. पाठांतर मी मुलांकडूनही करवून घेत नाही. आणि भोईरांचे उत्तर आपल्याजवळ असेल, तर ते आपण माडीवर येऊन द्यावे. उभे राहून. माझी जागा रिकामीच आहे."

महिन्याच्या आत शाळेतली जागा गेली. पंतांनी आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत, अर्ज केला नाही. मी अर्ज लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, दोन ठिकाणी भाषा सुधारली आणि परत दिला. "चांगला लिहिला आहे. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल."

जानकीबाई आतून म्हणाल्या, "गेली ना शाळा? मग त्या भोईरांना जेवायला बोलवा. सरकार पाडणारा माणूस कसा असतो ते मला पाहू द्या." भोईर आले, पंतांच्या शेजारी पाटावर जेवले. त्या पंगतीवरून आळीने खांबेट्यांच्या घराशी बोलणे टाकले. पंत म्हणाले, बरे झाले, वाचायला वेळ मिळेल.

वखारीची माडीही गेली. मालकांना सूचना मिळाली होती, आणि त्यांचा धंदा सरकारी परवान्यांवर होता. मी सभेचा शेवट झाला असे धरून चाललो. भोईर म्हणाले, "माजे आगरात भरवा. मीठ पिकवाया बंदी हाय. प्रश्न पिकवाया नाय." तेव्हापासून सभा त्या बंद मिठागरात भरते. मंडळी बांधावर बसतात आणि मंत्री खाली कोरड्या वाफ्यात उभे राहतात. कचेरीने दोनदा शिपाई पाठवले. शिपायांनी प्रश्न विचारले. पंतांनी त्यांना बांधावर जागा करून दिली.

डोंबिवली गावात एका गोठ्याच्या पडवीत पंतांनी मुले शिकवायला घेतली. शेतकऱ्यांची आणि आगऱ्यांची मुले तेथे येतात. समितीला शैक्षणिक सेवा हवी होती, ती ही आहे. या सेवेला सरकारी मदत नाही, म्हणून तिच्यावर कोणाची अटही नाही. त्या पडवीतून निघालेली मुले आज सभेत बसतात आणि आम्हा जुन्या मंडळींना घाम फोडतात.

मंत्रिपद पंतांनी पुन्हा घेतले नाही. आम्ही आळीपाळीने उभे राहतो. पण प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न भोईरांचा असतो आणि शब्द तेच असतात. मीही त्या वाफ्यात उभा राहिलो आहे. पंतांनी दिलेली तीन उत्तरे दिली, स्वतःची दोन घातली. "वकील पाच देतोय, पन येकातबी मीठ नाय," भोईर म्हणाले. मी पंतांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी सरकून जागा केली. ते अंमलदार बदलून गेले, त्यांच्यामागून दुसरे आले, तिसरे आले. प्रत्येकाला सभेचे निमंत्रण जाते. अजून कोणी आलेले नाही.

पंतांना या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत आहेत. दृष्टी थोडी मंद झाली आहे, गुडघे कुरकुरतात, बांधावर चढताना भोईरांचा हात लागतो. सत्काराला काय हवे, असे समितीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "एक उत्तर हवे. पण ते तुमच्या हाती नाही. तेव्हा हार आणा."

भोईरांच्या प्रश्नाचे उत्तर ऐकल्याशिवाय आपण जाणार नाही, असे पंतांनी बांधावर सर्वांसमक्ष सांगितले आहे. आमचीही प्रार्थना तीच आहे. ते उत्तर उभे राहून मिळेपर्यंत हरिपंत खांबेटे यांना निरोगी आयुष्य लाभो. सरकारची आजवरची चाल पाहता ते आयुष्य फार दीर्घ असेल, याविषयी आम्हाला मुळीच शंका नाही.