कॉम्प्युटरने मागे घेतलेली वेळ

मालेगावच्या एका गोदामात मी उतारवयात कारकुनी करत होतो. राहायला मेडशीला. एसटी चुकू नये म्हणून मनगटावरचं घड्याळ नेहमी पुढे ठेवायचो. इतकी वर्षं झाली होती की ते पुढे आहे हे माझ्या ध्यानातही उरलं नव्हतं.

वीज जाऊन आली की ऑफिसातल्या कॉम्प्युटरची वेळ बिघडायची. मी ती माझ्या घड्याळाप्रमाणे लावायचो. थोड्या वेळाने बघावं तर ती आपोआप मागे गेलेली. एकदा मी कॉम्प्युटरची आतली नोंदवही उघडली. त्यात ओळीच ओळी: वेळ बदलली, वेळ बदलली. सोबत बाहेरच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरचं नाव. मालकाचे सगळे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर. कोणीतरी आत शिरलंय, आणि खापर माझ्यावर फुटणार, एवढंच सुचलं. मी इंटरनेटची तार काढली आणि वेळ पुन्हा माझ्या घड्याळाप्रमाणे लावली. कोणाला सांगितलं नाही.

अंगठ्याचं हजेरीचं मशीन त्याच कॉम्प्युटरवरून वेळ घ्यायचं. बाकीचे थोडे आधीच यायचे; फाटकावरचा राखणदार जवळच्या खेड्यातून सायकलने अगदी ठोक्याला यायचा. तेव्हापासून तो रोज उशिरा दिसू लागला. मालकाने दोनदा दम दिला, तिसऱ्यांदा हिशेब करायला बोलावलं.

नेमका त्याच सकाळी दुरुस्तीवाला पोरगा आला होता. मी घाबरत त्याला त्या ओळी दाखवल्या, वेळ माझ्या घड्याळावरून लावतो हेही सांगितलं. तो हसायलाच लागला.

"काका, चोर कायचा? हे बाहेरच्या बरोबर घडीले टाइम इचारते अन् सोताचा दुरुस्त करते. लिहून बी ठेवते बिचारं. तुमचीच घडी पुढं हाय!"

त्याने मोबाइल माझ्या मनगटाजवळ धरला. माझं घड्याळ खरंच चांगलंच पुढे होतं. केबिनच्या काचेपलीकडे राखणदार मालकासमोर मान खाली घालून उभा होता.

मी केबिनमध्ये गेलो. मालकाने वर बघितलं. "काय काका?"

तार कोणी काढली, हे तो विचारणार होता. या वयात मला दुसरं काम कोण देणार होतं?

"चहा सांगू का?" मी म्हणालो.

राखणदार बाहेर आला. सायकलला डबा अडकवताना थांबला.

"बाबूजी, मी खरंच लेट येत होतो काय? घरून तर रोजच्यासारखाच निघत होतो. मलेच समजून नाही राह्यलं."

"मशीन थोडंच खोटं बोलतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं. त्याची नोकरी गेली, पण त्याला ते पटलं हेच मला जास्त बोचतं. तो माणूस आजही स्वतःला आळशी समजत असेल. तो एक दिवसही उशिरा आला नव्हता. हे मी त्याच्या दारात उभं राहून सांगायला हवं. दोनदा त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो.