पुढे गेलेल्याची मूठ

धाकटा भाऊ साताऱ्याहून येणार असला की आबा, आमचे वडील, अंगणातली बाज आधीच झटकून ठेवतात. मी सांगलीहून येतो तेव्हाही ठेवत असतील. माझ्या लक्षात फक्त त्याच्या वेळचं राहतं.

आमचं घर कवठे महांकाळच्या पुढं, माळावर. आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. घरात एकानं तरी शिकावं म्हणून मला लहानपणीच वसतिगृहात ठेवलं. धाकटा काही वर्षं आबांच्या मागून कोकणापर्यंत चालला आणि उशिरा शाळेत गेला. आज मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, तो डिजिटल चलनाच्या एका कंपनीचं काम घरून करतो. त्याचा पगार मला सलत नाही. त्याला आबांबरोबर चालायला मिळालं, ते सलतं.

दिवाळीत दोघं घरी होतो. आबांनी त्याला विचारलं, "तुज्या त्या पैशाला बँक न्हाई, सरकार न्हाई. मग कुणाचा व्यवहार खरा, ते ठरवतंय कोण?"

उत्तर मी दिलं. नोड, ब्लॉक, हॅश, सगळं नीट क्रमानं सांगितलं. आबा म्हणाले, "आसंल." माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं अशीच मान हलवतात.

धाकटा म्हणाला, "आबा, आपला वाडा आठवा." वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र चालणारी आमची कुटुंबं. "उद्या कुठं जायचं, कोण ठरवायचं?"

"एकटा कोण ठरवील? म्होरं जाऊन चारा बघून येणारा सांगायचा."

"आन् त्यानं झाडाखाली झोप काढून थाप मारली तर?"

"कशी मारंल? मूठभर गवत आणाय लागायचं. चोळून वास घेतला की बायाबी सांगायच्या, कुठल्या रानातलं हाय."

"हितं बी तसंच. हुडकायला मशीन राबराब राबतंय, अवघड गणिताचं उत्तर काढतंय. ते उत्तर म्हंजे मूठ. तपासाय मातुर येळ लागत न्हाई. ज्यानं त्यानं आपलं तपासायचं, पटलं की त्यानं आणलेलं व्यवहार आपल्या हिशेबात जोडायचं."

"मग राबणाऱ्याला काय?"

"तुमच्यात काय होतं?"

"त्याची मेंढरं पयली पाण्यावर."

"हितं त्याला नवी नाणी."

आबा हसले. "व्हय की रं."

तो 'व्हय' मला आयुष्यात क्वचितच मिळाला होता. मी पटकन विचारलं, "आणि दोघं एकदमच आले तर? दोन दिशांचं चांगलं गवत घेऊन?"

या प्रश्नाचं उत्तर मी दर वर्षी मुलांना शिकवतो. मला ते नको होतं. मेंढरांच्या गोष्टीत ते बसणार नाही आणि धाकटा आबांसमोर अडकेल, एवढंच हवं होतं. तो अडकलाही. बाजेचा सुंभ नखानं उकरत बसला. मला बरं वाटलं.

मग आबाच बोलले. "एकदा झालं हुतं तसं. निम्मा वाडा हिकडं गेला, निम्मा तिकडं. भांडान न्हाई. दुसऱ्या दिशी तिकडच्यांना आणखी म्होरची वाट गावली, मग तिच्याबी म्होरची. आमची हितंच अडली. आमी माघारी फिरून त्यांच्या मागं गेलो. कोण खरं, कुनी सांगितलं न्हाई. जी वाट लांब गेली ती आपली."

"दादा, हेच," धाकटा मला म्हणाला. "जिच्यावर जास्त राबणूक झाली ती हिशेबाची साखळी खरी. दुसरी सोडून द्यायची." त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला पाडायला गेलो होतो, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लय नेमकं इचारलंस. वाड्यात चालला न्हाईस कवा, तरी तुज्या ध्यानात आलं."

आबांचा हात गुडघ्यावर तसाच होता आणि तो उचलला जाऊ नये म्हणून मी पायही हलवला नाही.