डोक्याचा फोटो

आमचे थोरले काका फौजेतून सुभेदार होऊन परतले. कुठल्या देशाची राजधानी कोणती, कुठलं शिखर किती उंच, सगळं तोंडपाठ. घरी आलेल्या पोराटोरांना प्रश्न विचारून घाम फोडायचे. त्यांच्याइतकं जनरल नॉलेज गावात कुणाला नाही, असं आम्हीही कौतुकानं सांगायचो.

एका सकाळी माझ्या वडलांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं, शब्द बोबडे यायला लागले. अंगावरून वारं गेलं, असं घरात ठरलं. काकांनी जीप काढली आणि त्यांना कर्नाटकच्या हद्दीतल्या एका गावी नेलं. तिथं एक जण पारव्याच्या रक्तानं लुळं अंग चोळून देतो. जाताना वाटेत मिरज लागतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! त्या सगळ्या पाट्यांसमोरून माझ्या वडलांना पुढं नेलं. आठवलं की आजही जिवाची आग होते.

मी सांगलीला असते. मला कळलं तोवर तिथं अंग चोळून झालं होतं, दिवस कलला होता. मी फोनवर आकांत केला, तेव्हा कुठं जीप मिरजेला परत फिरली. मीही तिथं पोचले. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला, तर काका भडकले.

"आवं डाक्टर, हात गेलाय त्याचा. डोस्क्याचा फोटू कशाला?"

मला आधी वाटलं, रागानं बोलतायत. पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. हात हलतो तो मेंदूच्या हुकमानं, हे माझ्या पदवीधर भावालाही ठाऊक नव्हतं. तोही काकांच्या बाजूनं वाद घालत होता. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. सकाळीच आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

वडील जगले, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कळतं मात्र सगळं.

परवा मी त्यांना पेज भरवत होते. काकांना आटपाडीच्या पाहुण्यांचा फोन आला. त्यांच्या आईचं तोंड नुकतंच वाकडं झालं होतं. काका त्यांना हद्दीपलीकडच्या त्या गावाची वाट सांगू लागले. "आधी दवाखान्यात न्यायला सांगा!" मी ओरडले. त्यांनी मला हातानंच गप्प केलं.

तेव्हा वडील डावा हात खाटेवर आपटायला लागले. तोंड उघडून, पोटातून हंबरल्यासारखे ओरडले. ते काय सांगत होते, मला कळलं. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी फोन खाटेकडं धरला.

"ऐकलं का, पावनं? त्या मानसाच्या हाताचा गुन हाय ह्यो. आमच्या भावाला वाचा फुटाय लागलीया."