संशय यंत्रावर

यंत्रमानवांच्या सात रहस्यकथा मी वाचल्या. सातही कथांत पहिला संशय यंत्रमानवावर आणि गुन्हेगार शेवटी माणूसच. काल वैतागून आठवी अर्ध्यातच मिटली.

शेजारी आईची गोळ्यांची डबी बंद पडून होती. वेळ झाली की ती वाजायची आणि तिचा एक कप्पा उघडायचा. गेल्या आठवड्यात एका कप्प्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्या निघाल्या. आईनं दोन्ही घेतल्या आणि ती चक्कर येऊन पडता पडता वाचली.

“डबी बिघडली का रे?” तिनं विचारलं.

“यंत्रच ते,” मी म्हणालो. कप्पे दर रविवारी मीच मोजून भरायचो.

“मग तूच देत जा हातानं. तू कधी चुकत नाहीस.”

आता ती न बघता तळहात पुढे करते. त्या कथांत निदान शेवटच्या पानावर माणूस पकडला तरी जातो.